पोस्टग्रेस सांभाळताना : बॅकअप, व्हॅक्यूम, लॉक आणि रोजची पाहणी

विदागार

पतसंस्था, महाविद्यालयं, रुग्णालयं, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या इथे डेटाबेससाठी वेगळा माणूस नसतो. जो प्रोग्राम लिहितो किंवा सर्व्हर पाहतो, त्याच्याच गळ्यात डेटाबेसही पडतो. हा धागा त्यांच्यासाठी. बोलणं पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेस सॉफ्टवेअरपुरतं ठेवू, म्हणजे सेटिंगची नावं आणि आकडे नेमके देता येतील. आवृत्तीनुसार काही बदलत असेल तर आवृत्ती जरूर लिहा.

सुरुवात बॅकअपपासून. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेत जे झालं ते त्यांनी स्वतःच सविस्तर जाहीर केलं होतं आणि ते प्रत्येकाने वाचावं. दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसायची होती, पुसली गेली मुख्य सर्व्हरची. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. पण खरा धडा त्यापुढचा आहे. पीजी_डंप या डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणाऱ्या कमांडचा रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण सर्व्हर ९.६ चा आणि चालत होता ९.२ चा पीजी_डंप. त्या अपयशाच्या ईमेल निघत होत्या, पण डीमार्क या बनावट ईमेल रोखणाऱ्या नियमात बसत नसल्याने वाटेतच नाकारल्या जात होत्या. डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) डेटाबेस सर्व्हरसाठी चालू केलेले नव्हते. हाताशी आला तो चाचणी सर्व्हरसाठी सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. त्या सहा तासांतला डेटा गेला.

म्हणून 'बॅकअप झाला का' हा प्रश्न अपुरा आहे. 'शेवटचा रिस्टोअर (बॅकअप परत भरणं) कधी केला आणि किती वेळ लागला' हे विचारायचं.

पीजी_डंप वापरणाऱ्यांसाठी नेमक्या गोष्टी :

पीजी_डंपचं आउटपुट पाइपने जीझिप या फाइल दाबणाऱ्या कमांडला दिलं असेल तर शेलला फक्त शेवटच्या कमांडचा निकाल कळतो. डंप अर्ध्यात मेला तरी जीझिप यशस्वी होतो आणि स्क्रिप्ट शून्य परत करते. बॅशमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' लिहा, किंवा पाइप टाळून 'एफसी' हा कस्टम फॉरमॅट घ्या. तो मुळातच दाबलेला असतो आणि पीजी_रिस्टोअरला 'जे ४' देऊन चार समांतर प्रक्रियांत परत भरता येतो. डंपही समांतर हवा असेल तर मात्र डिरेक्टरी फॉरमॅट, म्हणजे 'एफडी', लागतो.

पीजी_डंप एकाच डेटाबेसचा असतो. युजर, रोल, त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी 'पीजी_डंपऑल' ला 'ग्लोबल्स-ओन्ली' देऊन वेगळी फाइल रोज काढा. रिस्टोअरच्या दिवशी 'रोल अस्तित्वात नाही' अशा शेकडो ओळी दिसतात त्या याच फाइलवाचून.

पीजी_रिस्टोअर चुका आल्या तरी पुढे जात राहतो आणि शेवटी फक्त किती चुका दुर्लक्षिल्या ते सांगतो. सरावात 'एक्झिट-ऑन-एरर' द्या. 'लिस्ट' देऊन टेबलांची यादी दिसली म्हणजे आतला डेटा शाबूत आहे असं मुळीच नाही. ती यादी फाइलच्या सुरुवातीलाच असते.

सूचना अपयशाची नको, यशाची हवी. स्क्रिप्टने शेवटच्या ओळीत 'झालं' असा निरोप दुसऱ्या मशीनला द्यावा आणि २६ तासांत निरोप आला नाही तर त्या मशीनने ओरडावं. स्क्रिप्ट चाललीच नाही, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) बंद पडला, ईमेल अडली, हे सगळं यात पकडलं जातं.

महिन्यातून एकदा वेगळ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर, त्यानंतर ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणं), आणि मग तीन-चार मोजण्या : मुख्य टेबलांतल्या ओळी, सर्वांत ताज्या नोंदीची वेळ, आणि एखादी अशी बेरीज जी कार्यालयात छापील अहवालावर असते. ताज्या नोंदीची वेळ सोडू नका. जुनाच डंप नव्या तारखेच्या नावाने ठेवला जातोय हे तिथेच कळतं.

मुळाकाठ

उत्तम सुरुवात. एक भर : रात्री एकचा डंप असेल आणि संध्याकाळी सहाला डिस्क गेली तर दिवसभराचं काम गेलं. पतसंस्थेत हे चालणार नाही. तिथे मूळ बॅकअप अधिक वॉल फाइलींचं (ज्यांत प्रत्येक बदल आधी नोंदला जातो) आर्काइव्ह हवंच. मूळ बॅकअप पीजी_बेसबॅकअपने, किंवा पीजीबॅकरेस्ट अथवा बारमनने. या दोन साधनांपैकी एक घ्या, स्वतःची स्क्रिप्ट लिहू नका.

वॉलची एक फाइल मुळात १६ एमबीची. फाइल भरली की ती आर्काइव्हला जाते. रहदारी कमी असेल तर भरायला तास लागतील, म्हणून 'आर्काइव्ह_टाइमआउट' ६० सेकंद ठेवा. म्हणजे सर्व्हर समूळ गेला तरी नुकसान मिनिटभराच्या आसपास राहतं. त्याची किंमत जागेत मोजावी लागते, कारण अर्धवट फाइलही १६ एमबीच व्यापते. ती दाबून ठेवली की प्रश्न बराच सुटतो.

'आर्काइव्ह_कमांड'मध्ये नुसतं 'सीपी' लिहिलेलं अनेक ठिकाणी दिसतं. त्यात दोन धोके आहेत. आधीची त्याच नावाची फाइल असेल तर ती गुपचूप खोडली जाते, आणि कॉपी खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री नसताना शून्य परत जातो. शून्य मिळाला की पोस्टग्रेस मूळ फाइल पुन्हा वापरायला मोकळा होतो.

पिंपळपान

@मुळाकाठ, आर्काइव्ह अडलं की काय होतं तेही लिहायला हवं. डेटा डिरेक्टरीतलं 'पीजी_वॉल' फुगत जातं. पोस्टग्रेस फाइल पोहोचेपर्यंत पुन्हापुन्हा प्रयत्न करतो आणि तोवर एकही फाइल सोडत नाही. डिस्क भरली की सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडतो.

त्या क्षणी सर्वांत वाईट काम म्हणजे 'पीजी_वॉल'मधल्या जुन्या दिसणाऱ्या फाइली हाताने पुसणं. क्रॅशनंतर उभं राहायला त्याच लागतात. १० व्या आवृत्तीआधी या फोल्डरचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं आणि लोक त्याला साधे लॉग समजून रिकामं करत. नाव बदलण्यामागे तेही एक कारण होतं.

करायचं ते असं. डिस्क वाढवता येत असेल तर वाढवा. नसेल तर त्याच डिस्कवर आधीपासून २ जीबीची एक निरुपयोगी फाइल ठेवलेली असावी, ती पुसा. सर्व्हर सुरू होईल. मग आर्काइव्ह का अडलं ते शोधा : तिकडची डिस्क भरली, किल्ली संपली की नेटवर्क गेलं. 'पीजी_स्टॅट_आर्कायव्हर'मध्ये शेवटचं अपयश कोणत्या फाइलवर आणि कधी आलं ते दिसतं. अडथळा निघाला की साचलेल्या फाइली जातील आणि पुढच्या चेकपॉइंटला (साचलेले बदल डेटा फाइलींत उतरवण्याच्या टप्प्याला) जागा आपोआप मोकळी होईल.

हीच अवस्था रेप्लिकेशन स्लॉटमुळेही येते आणि ती जास्त फसवी असते. एखादा रेप्लिका (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत राहणारी प्रत) बंद केला, मशीन परतही दिलं, पण मुख्य सर्व्हरवरचा त्याचा स्लॉट काढायचा राहिला. तो स्लॉट 'याच्यापुढचं सगळं मला हवंय' असं सांगत अनंत काळ वॉल धरून ठेवतो. 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' पाहा. 'ॲक्टिव्ह' खोटं असेल आणि 'रीस्टार्ट_एलएसएन' (स्लॉटला जिथपासूनचा वॉल हवा ती जागा) चालू जागेपासून कित्येक जीबी मागे असेल, तर तो कुणाचा ते विचारून काढून टाका. १३ व्या आवृत्तीपासून 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' ही मर्यादा घालता येते. मूळ किंमत उणे एक आहे, म्हणजे मर्यादाच नाही. डिस्कवर १०० जीबी मोकळे असतील तर ५० जीबी घाला. मर्यादा ओलांडली की तो रेप्लिका नव्याने बांधावा लागेल, पण मुख्य सर्व्हर जगेल. हा सौदा मला कधीही मान्य आहे.

ओंजळभर

छान माहिती मिळते आहे. एक विचारते : टेबलांचा आकार वाढत राहतो म्हणून दर रविवारी रात्री 'व्हॅक्यूम फुल' लावणं योग्य आहे का? अनेक ठिकाणी तसा क्रॉन असतो.

कोकणकडा

@ओंजळभर, नाही. 'व्हॅक्यूम फुल' टेबल नव्याने लिहून काढतो. तोवर त्या टेबलावर सर्वांत कडक लॉक असतो, साधा सिलेक्टसुद्धा (वाचनाची क्वेरी) थांबतो. शिवाय जुनी आणि नवी प्रत एकाच वेळी डिस्कवर असतात, म्हणजे ८० जीबीच्या टेबलाला तेवढीच आणखी जागा जवळ हवी. आणि सोमवारी टेबल परत फुगायला लागतं, कारण मूळ कारण तसंच राहतं. एखाद्या टेबलातल्या ७० टक्के ओळी एकदाच काढून टाकल्या असतील तर जागा परत मिळवायला तो ठीक. सर्व्हर थांबवता येत नसेल तर पीजी_रीपॅक हे वेगळं साधन.

मूळ कारण बहुतेकदा ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे मृत ओळी (बदललेल्या-काढलेल्या ओळींच्या जुन्या प्रती) आपोआप साफ करणारी प्रक्रिया, उशिरा लागणं हे असतं. तो कधी लागतो याचं सूत्र सोपं आहे : ५० अधिक टेबलातल्या ओळींच्या २० टक्के. हजार ओळींच्या टेबलाला ते उत्तम. १० कोटी ओळींच्या टेबलात मात्र २ कोटी मृत ओळी साचेपर्यंत तो हलणारच नाही. आणि त्यापुढचं गणित पाहा. १६ व्या आवृत्तीपर्यंत व्हॅक्यूम प्रत्येक मृत ओळीमागे ६ बाइट आठवणीत ठेवतो. 'मेंटेनन्स_वर्क_मेम' मूळच्या ६४ एमबीवर असेल तर एका फेरीत साधारण १ कोटी १२ लाख ओळी मावतात. २ कोटी असतील तर त्या टेबलावरचे सगळे इंडेक्स दोनदा वाचावे लागतील. सहा इंडेक्स असतील तर रात्र तिथेच गेली. १७ मध्ये ही साठवण खूपच सुधारली आहे.

उपाय टेबलागणिक करायचा. मोठ्या आणि सतत बदलणाऱ्या टेबलांवर 'ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर' ०.०१ करा. १० कोटींना १० लाख, म्हणजे थोडं थोडं आणि वारंवार. 'मेंटेनन्स_वर्क_मेम' ५१२ एमबी ते १ जीबी.

ऑटोव्हॅक्यूमच्या कामगारांची (वर्कर प्रक्रियांची) संख्या वाढवली की वेग वाढेल ही समजूत सर्वत्र आहे, ती चुकीची. 'व्हॅक्यूम_कॉस्ट_लिमिट' मूळचा २०० असतो आणि तो सगळ्या कामगारांत मिळून वाटला जातो. तीनाचे सहा केले की प्रत्येक जण निम्म्या वेगाने चालतो. आधी मर्यादा १००० किंवा २००० करा, मग संख्येकडे वळा. १२ च्या आधीची आवृत्ती असेल तर 'कॉस्ट_डिले' २० मिलिसेकंद होता, तो २ वर आणा. पण तेवढी जुनी आवृत्ती अजून चालू असेल तर पहिलं काम ती बदलण्याचं.

मुळाकाठ

कोकणकडा यांच्या प्रतिसादाला जोडून : ऑटोव्हॅक्यूम धावतो, लॉगमध्ये दिसतो, तरी मृत ओळी जात नाहीत, अशीही तक्रार येते. लॉगमध्ये 'मृत पण अजून काढता येत नाहीत' असा मोठा आकडा असेल तर कुणीतरी जुना स्नॅपशॉट (डेटाचं आधीच्या एका क्षणाचं चित्र) धरून बसलं आहे. शोधण्याच्या जागा चारच :

एक, लांबलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन). 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी'त 'एक्सॅक्ट_स्टार्ट'नुसार क्रम लावा आणि स्थिती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' आहे का पाहा. प्रोग्रामने व्यवहार उघडला, मग बाहेरच्या पेमेंट सेवेला हाक मारली आणि तिथेच अडकला, हा नेहमीचा प्रकार. दोन, रेप्लिकेशन स्लॉटचा 'एक्समिन' (तो धरून ठेवत असलेला जुना व्यवहार क्रमांक). तीन, 'प्रिपेअर ट्रान्झॅक्शन' करून विसरलेले व्यवहार. ते सर्व्हर बंद-चालू करूनही जात नाहीत, 'पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स'मध्ये पाहावे लागतात. चार, रेप्लिकावर 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' ('या ओळी अजून हव्यात' असं मुख्य सर्व्हरला कळवणारं सेटिंग) चालू असून तिथे कुणी पाच तासांचा अहवाल काढत असणं.

'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' ५ मिनिटं ठेवा. ९.६ पासून आहे, मूळ किंमत शून्य म्हणजे बंद. ज्या प्रोग्रामचं कनेक्शन यामुळे तुटेल तो प्रोग्राम दुरुस्त करायलाच हवा होता.

आणि विदागार, तुमचा पीजी_डंपही याच यादीत येतो. सहा तासांचा डंप म्हणजे सहा तासांचा एकच स्नॅपशॉट. तेवढ्या वेळात मृत झालेली एकही ओळ पूर्ण डेटाबेसमध्ये साफ होत नाही. डेटा काहीशे जीबींच्या पुढे गेला की डंपवरून पीजीबॅकरेस्टकडे वळण्याचं हे स्वतंत्र कारण आहे.

विदागार

मान्य. व्हॅक्यूम थांबण्याचा शेवटचा टप्पाही इथेच नोंदवतो. व्यवहार क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि कुठल्याही क्षणी मागचे सुमारे २०० कोटीच 'भूतकाळ' म्हणून ओळखता येतात. म्हणून जुन्या ओळी वेळेत गोठवाव्या, म्हणजे कायमच्या जुन्या म्हणून खुणावाव्या लागतात. टेबलाचं वय (गोठवणीनंतर उलटलेले व्यवहार क्रमांक) २० कोटींवर गेलं की ऑटोव्हॅक्यूम बंद केलेला असला तरी सक्तीने लागतो, आणि हा व्हॅक्यूम इतरांच्या लॉकसाठी वाट सोडत नाही. १४ पासून ४ कोटी क्रमांक उरले की इशारे सुरू होतात आणि ३० लाख उरले की नवे लेखन बंद. वाचन चालू राहतं. जुलै २०१५ मध्ये सेंट्री ही त्रुटी टिपणारी सेवा आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल सेवा याच कारणाने बंद पडल्या होत्या. दोन्ही ठिकाणी जाणकार माणसं होती.

पाहायचं एवढंच : 'पीजी_डेटाबेस'मधून 'एज(डॅटफ्रोझनएक्सआयडी)'. २० कोटींच्या आसपास खाली-वर होत असेल तर निरोगी. ५० कोटींवर सूचना, १०० कोटींवर झोपेतून उठवणारी सूचना. लेखन थांबलंच तर आधी मुळाकाठ यांच्या चारही जागा मोकळ्या करा, मग सर्वांत जुन्या टेबलांवर साधा 'व्हॅक्यूम'. तिथे 'फुल' चालणार नाही, त्याला स्वतःलाच नवा व्यवहार क्रमांक लागतो.

पिंपळपान

आता लॉक. 'एक कॉलम वाढवायचा होता आणि अख्खं संकेतस्थळ अडलं' याचं कारण अनेकांना उमगत नाही, कारण कॉलम वाढवणं तर क्षणाचं काम. ११ व्या आवृत्तीपासून स्थिर डीफॉल्ट किंमतीसह कॉलम जोडला तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही.

अडतं ते रांगेमुळे. अल्टर टेबलला सर्वांत कडक लॉक हवा असतो. त्या टेबलावर कुणाचा २० मिनिटांचा अहवाल चालू असेल, किंवा पीजी_डंप, तर अल्टर थांबतो. त्याच्या मागून येणारा प्रत्येक सिलेक्ट आता अल्टरच्या मागे उभा राहतो, जरी तो त्या अहवालासोबत बिनबोभाट चालू शकला असता. अर्ध्या मिनिटात कनेक्शन संपतात.

म्हणून असा प्रत्येक बदल करण्याआधी त्याच सेशनमध्ये 'लॉक_टाइमआउट' २ किंवा ३ सेकंद. लॉक मिळाला नाही तर कमांड अपयशी होऊ दे, दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न. स्क्रिप्टमध्ये वीस-तीस प्रयत्न लिहून ठेवा. रांग तीन सेकंदांपलीकडे साचत नाही.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोड) आणि चेक (किंमतीवरची अट) : आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून जोडा, ते झटकन होतं आणि नव्या ओळींना लगेच लागू होतं. मग वेगळ्या व्यवहारात 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट'. तो जुन्या ओळी तपासतो पण वाचन-लेखन अडवत नाही. कॉलम 'नॉट नल' करायचा तर याच मार्गाने आधी 'नल नाही' असा चेक जोडून तपासून घ्या. १२ पासून 'सेट नॉट नल' त्या चेकवर विश्वास ठेवतो आणि टेबल पुन्हा चाळत नाही. नंतर चेक काढून टाका. फॉरेन कीच्या बाजूला, म्हणजे संदर्भ देणाऱ्या टेबलातल्या त्या कॉलमवर, इंडेक्स आपोआप बनत नाही हेही लक्षात असू द्या. मग ज्याचा संदर्भ दिला त्या टेबलातली एक ओळ काढताना संदर्भ देणारं टेबल पूर्ण चाळलं जातं.

इंडेक्स चालू सर्व्हरवर 'कन्करंटली'नेच, म्हणजे लेखन न अडवता. तो व्यवहाराच्या आत चालत नाही, म्हणून मायग्रेशनची (टेबलांची रचना बदलणारी) साधनं अडतात, तिथे ती फाइल व्यवहाराबाहेर चालवण्याची सोय शोधा. मध्येच तुटला तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. त्याचा शोधासाठी उपयोग शून्य, पण प्रत्येक लेखनाचा भार तसाच. 'पीजी_इंडेक्स'मध्ये 'इंडइझव्हॅलिड' खोटं असलेले शोधून काढून टाका.

कोकणकडा

याला जोडून, १४.० ते १४.३ मध्ये 'कन्करंटली'ने बनवलेले इंडेक्स सदोष होण्याची त्रुटी होती, ती १४.४ मध्ये गेली. किरकोळ आवृत्त्या का टाळू नयेत याचं हे उदाहरण. त्या ठरल्याप्रमाणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. नवी प्रोग्राम फाइल आणि एक रीस्टार्ट, डेटा हलवावा लागत नाही.

अडवणारा सेशन शोधायला 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स'. मग आधी 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड'. सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असेल तर रद्द करण्यासारखं काही चालूच नसतं, तिथे 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा 'किल -९' कधीही नाही. एक प्रक्रिया तशी मारली की पोस्टग्रेस सामायिक मेमरी बिघडली असं धरून सगळीच कनेक्शनं तोडतो आणि क्रॅशमधून सावरायला लागतो.

ओंजळभर

आभार, व्हॅक्यूमचं आता स्पष्ट झालं. देवनागरी डेटाबद्दल कुणी लिहाल का? नावं शोधताना सापडत नाहीत आणि एका कार्यालयाचा जुना ओरॅकलमधला डेटा पोस्टग्रेसमध्ये आणायचा आहे.

विदागार

@ओंजळभर, यावर सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत हे सापडत नाही.

लांबी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. 'ज्ञानेश्वरी' म्हणजे ११ चिन्हं, ३३ बाइट. ओरॅकलमध्ये मूळ मोजणी बाइटमध्ये असते, म्हणून ३० च्या कॉलममध्ये हा शब्द मावत नाही. तिथे लोकांनी नावं छाटून भरलेली असण्याची दाट शक्यता असते. आणताना बाइटमधली लांबी कॉलमच्या मर्यादेपासून तीन बाइटच्या आत आलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि मूळ कागदाशी पडताळा. पोस्टग्रेस चिन्हं मोजतो, बाइट नाही. तरीही मर्यादा सैल ठेवा किंवा सरळ 'टेक्स्ट' वापरा. एसक्यूएल सर्व्हरमधून आणत असाल तर प्रश्नचिन्हांच्या रांगा शोधा : अक्षरमालेआधी 'एन' न लावता भरलेलं मराठी तिथे कायमचं प्रश्नचिन्ह होऊन बसलेलं असतं. ते परत मिळत नाही.

दिसायला एक, आत वेगळं. 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. ऱ हे एकच चिन्ह असू शकतं, किंवा र आणि नुक्ता, किंवा र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी. १३ पासून पोस्टग्रेसमध्ये 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन आहे. एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात ते र आणि नुक्ता यांना एकत्र करून ऱ करतं. तिसऱ्या प्रकाराला ते हात लावत नाही, म्हणून 'र, हलन्त, अदृश्य जोड' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलन्त' घालण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. तसंच 'ॲ' आणि अ वर चंद्र देऊन केलेलं रूप : नॉर्मलाइझ यांना एक मानत नाही. आधी हे दोन बदल, मग नॉर्मलाइझ, मग मागची-पुढची रिकामी जागा काढणं. नाव दिसण्यासाठी मूळ रूपात ठेवा आणि शोधासाठी स्वच्छ रूपाचा वेगळा कॉलम करून इंडेक्स त्यावर घाला. शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे. नाहीतर सगळी मेहनत वाया.

क्रम. 'सी' कोलेशनमध्ये (कोलेशन म्हणजे अक्षरक्रमाचे नियम) क्रम चिन्हांच्या अंकांनुसार लागतो, तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मतदारयादीसारख्या छापील याद्यांसाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं 'एमआर-एक्स-आयसीयू' कोलेशन त्या क्वेरीपुरतं द्या.

मुळाकाठ

कोलेशनचा विषय निघाला म्हणून सर्वांत गंभीर गोष्ट : ग्लिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) २.२८. ऑगस्ट २०१८ च्या या आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन ९ वरून १०, रेडहॅट ७ वरून ८, उबुंटू १८.०४ वरून पुढे, अशी ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नेली, तर मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले आणि शोध नव्या क्रमाने. असलेली ओळ सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा आत येते. कुठलाही त्रुटीसंदेश नाही. जुन्या सिस्टिमच्या मुख्य सर्व्हरला नव्या सिस्टिमचा स्ट्रीमिंग रेप्लिका जोडला तरी रेप्लिकावर हेच घडतं.

हलवल्यावर मजकुराचे सगळे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा, वापरकर्ते आत येण्याआधी. दुप्पट नोंदी शिरल्या असतील तर युनिक इंडेक्सचा रीइंडेक्स अडेल, त्या आधी निस्तराव्या लागतील. तपासायला 'ॲमचेक' एक्स्टेन्शनमधलं 'बीटी_इंडेक्स_चेक'. १५ पासून डेटाबेसशी जोडताना कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा मिळतो. तो घालवायला 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' चालवलं की इशारा जातो, इंडेक्स मात्र तसेच बिघडलेले राहतात. रीइंडेक्स आधी, रिफ्रेश नंतर.

पीजी_डंपने काढून नव्या मशीनवर भरलं तर हा प्रश्नच येत नाही, इंडेक्स नव्याने बांधले जातात.

पिंपळपान

मेमरीबद्दल थोडक्यात. 'शेअर्ड_बफर्स' रॅमच्या चौथ्या हिश्श्याला ठेवा आणि विसरा. सांभाळायचं ते 'वर्क_मेम'. तो कनेक्शनागणिक नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशागणिक असतो. २०० कनेक्शन, प्रत्येकात दोन सॉर्ट, ६४ एमबी : २५ जीबी. ३२ जीबीच्या मशीनवर लिनक्स पोस्टग्रेसची प्रक्रिया मारायला मोकळा होतो. सर्वांसाठी ८ ते १६ एमबी ठेवा, आणि अहवाल काढणाऱ्या रोलपुरता 'अल्टर रोल'ने २५६ एमबी द्या.

कनेक्शन कमी करायला पीजीबाउन्सर (थोडी खरी कनेक्शनं अनेकांत वाटणारं साधन), ट्रान्झॅक्शन पद्धतीत. ८ कोअरच्या मशीनला २० ते ३० खरी कनेक्शनं पुरतात. या पद्धतीत सेशनभर टिकणाऱ्या गोष्टी, म्हणजे 'सेट', 'लिसन', सेशनचे ॲडव्हायझरी लॉक, चालत नाहीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंट १.२१ पासून चालतात.

ओंजळभर

शेवटचं विचारते. हे सगळं रोज पाहणं एकट्या माणसाला शक्य नाही. सकाळी पंधरा मिनिटं असतील तर काय पाहायचं?

कोकणकडा

माझा क्रम असा. आधी रात्रीच्या बॅकअपचा 'झालं' निरोप आणि फाइलचा आकार. कालच्यापेक्षा एकदम निम्मा झाला असेल तर थांबून कारण शोधायचं. मग डिस्क : डेटा, वॉल आणि लॉग यांची मोकळी जागा, आणि गेल्या आठवड्याच्या वेगाने ती किती दिवस पुरेल. त्यानंतर निष्क्रिय स्लॉट आणि आर्काइव्हचं शेवटचं अपयश, दोन छोट्या क्वेरी. तासाहून जुना कोणताही व्यवहार. आणि लॉगमध्ये पॅनिक, फेटल आणि चेकसमच्या ओळी.

डेटाबेसचं वय, मृत ओळींची पहिली दहा टेबलं, इनव्हॅलिड इंडेक्स हे आठवड्यातून एकदा पुरे. त्याच दिवशी 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स'मधून एकूण वेळेनुसार पहिल्या दहा क्वेरी काढा. सरासरी वेळेनुसार नको. दिवसातून एकदा चालणारी ४० सेकंदांची क्वेरी वर दिसते आणि दिवसाला ३० लाख वेळा चालणारी ५ मिलिसेकंदांची दडून राहते. पहिली दिवसाला ४० सेकंद खाते, दुसरी ४ तासांहून जास्त.

विदागार

यात एकच जोड : हाताने करायच्या बदलांचा शिस्तीचा भाग. पीएसक्यूएल या कमांड देण्याच्या साधनात खऱ्या सर्व्हरच्या प्रॉम्प्टवर सर्व्हरचं नाव लाल रंगात दाखवा, 'पीएसक्यूएलआरसी' फाइलमध्ये हे एका ओळीत होतं. अपडेट किंवा डिलीट 'बिगिन'शिवाय नाही. कमांडनंतर 'अपडेट ३' असं अपेक्षित होतं आणि 'अपडेट ४८२१०' आलं तर रोलबॅक. व्यवहार उघडा ठेवून चहाला मात्र जाऊ नका, वरची सगळी चर्चा लागू होते. मोठे बदल ५००० ओळींच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला कमिट.

प्रोग्रामचा रोल टेबलांचा मालक नसावा. मालक नसेल तर तो ड्रॉप आणि अल्टर करू शकत नाही. मायग्रेशनसाठी वेगळा रोल, वाचणाऱ्यांसाठी १४ पासूनचा तयार 'पीजी_रीड_ऑल_डेटा'.

मुळाकाठ

@ओंजळभर, ओरॅकलमधून डेटा भरून झाल्यावर वापरकर्त्यांना आत घेण्याआधी 'व्हॅक्यूमडीबी'ला 'ऑल' आणि 'ॲनालाइझ-इन-स्टेजेस' देऊन चालवा. तो आधी ढोबळ आणि मग नेमकी आकडेवारी गोळा करतो, म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच क्वेरी बऱ्यापैकी चालू लागतात. आकडेवारी नसलेल्या नव्या सर्व्हरवर इंडेक्स असूनही पूर्ण टेबल चाळलं जातं, आणि लोक पोस्टग्रेसच हळू आहे असं ठरवून मोकळे होतात. शिवाय सीक्वेन्सची (पुढचा आयडी आपोआप देणाऱ्या मोजणीची) चालू किंमत प्रत्येक टेबलाच्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढे नेली आहे का ते पाहा. ती राहिली तर पहिल्याच नव्या नोंदीला प्रायमरी की आधीच असल्याची चूक येईल.